पुढचं कोणी आहे का?

...नाही, पण मी म्हणते, यात माझी चूक कशी? साहेब म्हणाले, "चष्मेवाले काका गेले, त्यांना काढून टाका," मी काढलं! आता काढून टाकलेला माणूस फोन उचलायला लागला तर त्याला प्रोग्रॅम लिहिणारीने काय करायचं, तुम्हीच सांगा!

थांबा, नीट सांगते. आमचं ऑफिस एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करतं. म्हणजे माणूस नाही करत, मी लिहिलेला प्रोग्रॅम करतो. "नमस्कार, ठीक असाल तर एक दाबा." दाबला की पुढचा फोन, नाही दाबला की आमचं कोणीतरी धावत त्यांच्या दारात. प्रत्येक आजी, प्रत्येक आजोबा म्हणजे आमच्यासाठी एकेक ऑब्जेक्ट, नाव-नंबर-पत्ता सगळं त्याच्याच पोटात. ते सगळे मिळून एक कलेक्शन, म्हणजे यादीच, आणि त्यावरून एकेक करत फिरतो तो लूप. त्याला ना डोळे, ना जीव! तो आपला एकच विचारत सुटतो, पुढचं कोणी आहे का? आहे? घे. पुढचं कोणी आहे का? आहे? घे. आंघोळ करतानासुद्धा कानात तेच घुमतं हो...

तर काकांना मी काढलं, पण फेरी चालू असतानाच काढलं. तिथे जरासं चुकलं. जरासंच! रांगेतला मधला माणूस गेला की मागचे सगळे पुढे सरकतात की नाही? काकांच्या जागेवर त्यांच्या शेजारच्या शिवणाच्या बाई सरकल्या, आणि लूप म्हणतो, ही जागा तर माझी बघून झाली, चला पुढे! झालं. बाईंना फोनच नाही. थोड्या वेळाने बाईंचाच ऑफिसात फोन.

"अगं, आज मला फोन आला नाही."

"हो बाई, जरा घोटाळा झाला."

"ते असू दे. मी काय विचारते... मी गेले का गं?"

"अहो बाई, काहीतरीच काय!"

"नाही, खरं असेल ते सांग. सकाळपासून चहालाही चव लागत नाहीये..."

मी लगेच दुरुस्तीला बसले. म्हटलं, ज्याच्यावरून फिरायचं त्याच्यातूनच माणसं काढायची नाहीत. आधी एक प्रत काढायची, फिरायचं प्रतीवर, काढायचं मुळातून. शहाणी ना मी! सकाळचं कलेक्शन जसंच्या तसं परत आणलं, प्रत काढली, मुळातून काकांना काढलं, आणि दिली फेरी सुरू करून. पुढचं कोणी आहे का? आहे! बाईंना फोन गेला, बाईंनी एक दाबला, मी हुश्श केलं... आणि मग लक्षात आलं, प्रतीत काका तसेच राहिलेत. त्यांनाही फोन गेला होता.

आणि त्यांनीही एक दाबला होता.

साहेब म्हणाले, "भाचा असेल हो घरात." भाच्याला विचारलं, तर तो क्रियाकर्म उरकून केव्हाच आपल्या घरी पोचलेला. "मामाच्या घराला कुलूप आहे, किल्ली शेजारच्या बाईंकडे." मग कोणीतरी जाऊन बघा! कोण जाणार? सगळे एकदम कामात बुडाले. निघाले मी, काखेत लॅपटॉप घेऊन, भर दुपारी.

बाईंनी दार उघडलं. आत उन्हाचा एक पट्टा, टेबलावर मांडून ठेवलेली काचेची भिंगं, सगळी छताकडे बघत असलेली. कोपऱ्यात स्टुलावर फोन. आणि फोनची वायर... भिंतीतून काढून, नीट गुंडाळून, रबर लावून ठेवलेली! बटणांवर धूळ. सगळ्या बटणांवर. फक्त एकचं बटण सोडून.

मी मोबाइलवरून साहेबांना म्हटलं, "आता फक्त काकांना लावा."

"लावला... रिंग जातेय."

खोलीत चिडीचूप. स्टुलावरचा फोन नुसता बसलाय माझ्याकडे बघत.

"उचलला हो..." साहेबांचा आवाज एवढासा झाला. "एक दाबला. अहो, निघा तुम्ही तिथून! काढा त्यांना, प्रतीतून, मुळातून, सगळीकडून काढा!"

बाई पदराने फोनवरची धूळ पुसत होत्या. म्हणाल्या, "पहिल्याच रिंगला उचलायचे. भिंतीतून ऐकू यायचं मला. सकाळपासून फोनपाशीच बसलेले असायचे."

मी तिथेच लॅपटॉप उघडला. या वेळी अगदी शास्त्रशुद्ध! जो फिरतो त्या लूपच्याच हातून काढायचं, म्हणजे कोणी वगळलं जात नाही, कोणी उरत नाही. ओळ लिहून झाली, बोट बटणावर ठेवलं, तर बाईंनी मनगटच धरलं. हात गार होता हो त्यांचा... का माझा होता, देव जाणे.

"राहू दे ना गं त्यांना. तुमचा फोन एकट्या माणसांसाठीच आहे ना? मग त्यांच्याइतकं एकटं आता दुसरं कोण आहे?"

पुसली ती ओळ, आणि काकांना मुळातही परत घातलं. साहेबही आता त्यांना काढायचं नाव घेत नाहीत. रोज सकाळी लूप विचारतो, पुढचं कोणी आहे का, आणि काका असतात. पहिल्या रिंगला उचलतात, न चुकता एक दाबतात. आणि तुम्हाला सांगते, तक्रार करायला जागाच नाही त्यांच्याबद्दल... जे जिवंत आहेत ना, तेच मेले वेळेवर फोन उचलत नाहीत!