अप्पांच्या हाताला कळणारं घर

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा! तिथं टेकलात की डोळा लागतो, आणि मग घरी जाऊन म्हणता, बुवा आज रंगले नाहीत!

एक प्रश्न विचारतो. आपण घर सजवतो, रंग देतो, पडदे लावतो — ते कुणासाठी?

पाहुण्यांसाठी? अहो, पाहुणा किती वेळ थांबतो? एक चहा होईपर्यंत! त्याच्यासाठी आपण काचेच्या कपाटात फुलाफुलांचे कप मांडून ठेवायचे, आणि स्वतः कान तुटलेल्या कपातून प्यायचं. हसू नका ताई, तुमचं एकटीचं नाव घेत नाही. सगळ्यांच्याच घरचं आहे हे. पण प्रश्न सोडू नका. घर कुणासाठी?

तर ऐका. नाशिकच्या जुन्या भागात त्रिंबक वडके नावाचे तांबट राहत होते. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. आयुष्यभर तांब्याची भांडी ठोकली. बंब म्हणू नका, घागर म्हणू नका, परात म्हणू नका! उतारवयात काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. पण मंडळी, डोळे गेले तरी अप्पा आपल्या घरात मोकळे फिरायचे. उंबरा पायाला माहीत, खुंटी हाताला माहीत. कुणाला हाक मारायची वेळ यायची नाही.

त्यांची सून वैजयंती. मुलगा हेमंत औषधांच्या कंपनीत, सतत फिरतीवर. घर काय ते सुनेच्या अंगावर. आता ही वैजयंती कशी? तर लहानपण सगळं भाड्याच्या एका खोलीत गेलेलं. मालक असा, की भिंतीला खिळा ठोकू द्यायचा नाही! कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवायचं. त्या पोरीनं तेव्हाच मनाशी धरलं होतं, की आपलं घर झालं की ते एकदम सुंदर करायचं.

आणि झालं! नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वैजयंतीनं मोबाइलवर शेकडो घरांची चित्रं पाहिली. त्यातलं एक मनात भरलं, आणि हुबेहूब तसंच घर केलं. भिंती पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत. सगळं सामान कपाटांच्या आत. दारं अशी, की मूठसुद्धा दिसू नये. फरशी तर आरसाच! जो येई तो म्हणे, वहिनी, अगदी चित्रातलं घर आहे. वैजयंतीला धन्य वाटायचं. का वाटू नये? इतक्या वर्षांची भूक होती ती.

पण मंडळी, चित्रातल्या घरात एक गोष्ट कधी पाहिलीत का? माणूस नसतो! सोफा असतो, फुलदाणी असते, माणूस नसतो.

इथं माणूस होता. अप्पा होते. आणि अप्पा त्या घरात आले ते खुर्चीत बसले, आणि खुर्चीतच राहिले. पाणी हवं तरी हाक, बाथरूमला जायचं तरी हाक. पुढं पुढं त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. का? तर उठावं लागू नये म्हणून! वैजयंतीला वाटलं, वय झालं. ती तर त्यांचं सगळं हातात नेऊन द्यायची. तिच्या सेवेत खोट नव्हती हो.

एका सकाळी तिनं अप्पांना फोनवर बोलताना ऐकलं. पलीकडं त्यांची धाकटी बहीण, सिन्नरची गोदूआत्या. अप्पा सांगत होते, की मला थोडे दिवस तुझ्याकडं घेऊन जा. थोडे म्हणजे किती, असं आत्यानं विचारलं असावं. कारण अप्पा हळूच म्हणाले, "जमेल तेवढे."

वैजयंतीच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. तिला राग आला, आणि रडूही आलं. एवढं केलं, आणि यांना इथं राहायचं नाही! ती आत गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. बायकांना माहीत आहे ते कसं असतं!

त्याच दिवशी गवंडी यायचा होता. स्वयंपाकघराकडं वळताना भिंतीचा एक कोपरा सामान चढवताना टवका उडून खडबडीत झालेला. अख्ख्या घरात तेवढाच एक डाग, आणि वैजयंतीच्या डोळ्यांत तो रोज खुपायचा. गवंडी आला, त्यानं पुट्टी कालवली, थापी उचलली, आणि अप्पा खुर्चीतून उठले. भिंत चाचपत चाचपत आले आणि त्या टवक्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

"वैजू," ते म्हणाले, "तेवढं राहू दे गं. बाकी सगळीकडं हात नुसता घसरतो. इथं हात लागला की कळतं, स्वयंपाकघर आलं."

मंडळी, मोठ्या आवाजात नाही बोलले. तक्रारीनं नाही बोलले. पण वैजयंती त्या हाताकडं बघत राहिली. ज्या जागेची तिला लाज वाटत होती, तीच जागा त्या म्हाताऱ्याला वाट दाखवत होती. सगळ्या घरात एवढीच एक जागा त्यांच्याशी बोलत होती!

तिनं गवंड्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मग अप्पांच्या शेजारी खाली बसली आणि विचारलं, "अप्पा, जुन्या घरात तुमचा हात कशाकशाला लागायचा?"

आणि अप्पा बोलायला लागले! दाराची कडी, माठाचा गारवा, कोनाड्यातली तेलकट कड, खिडकीच्या गजावर साचलेलं ऊन. हो, ऊनसुद्धा हाताला लागतं! बोलता बोलता दुपार टळली. वैजयंतीनं त्या दिवशी मोबाइल हातात धरला नाही. तिला चित्र हवं होतं ना? ते समोर बसून बोलत होतं!

मग तिनं विचारलं, भिंतीवर तांब्याच्या पट्ट्या ठोकून द्याल का, हाताच्या उंचीला? डोळे नसताना हातोडा कसा धरायचा, असं अप्पा म्हणाले. ती म्हणाली, ठोका बरोबर बसला की नाही हे तुम्ही डोळ्यांनी बघायचात की कानांनी? दुसऱ्या दिवशी चहा पिताना अप्पांनी विचारलं, ऐरण कुठं ठेवली आहेस?

झालं! गॅलरीत ऐरण मांडली. ठक् ठक् सुरू! खालच्या मजल्यावरच्या बाई तणतणत वर आल्या, आणि अप्पांचं काम बघत तासभर तिथंच बसल्या. पहिल्या पट्ट्या वाकड्या झाल्या, बोटाला लागलं, एकदा तर अप्पांनी हातोडा ठेवूनच दिला. वैजयंतीनं आग्रह केला नाही. नुसता नवा पत्रा समोर सरकवला. हळूहळू हात आठवायला लागला. तांब्यावर ठोक्यांची जी नक्षी उठवतात, तिला मठार म्हणतात. अप्पांनी प्रत्येक खोलीची मठार निराळी केली. स्वयंपाकघराकडं जाणारी पट्टी ज्वारीच्या दाण्यांसारखी. बाथरूमकडची पाण्याच्या लाटांसारखी. देवघराजवळ मात्र तांबं सपाटच ठेवलं. म्हणाले, देवापुढं आल्यावर हात थांबला पाहिजे.

त्या पांढऱ्या भिंतीवर पहिला खिळा कुणी ठोकला, सांगा? वैजयंतीनं! जन्मात पहिल्यांदा. आणि मग तिलाच सुचत गेलं. खिडकीत वाळ्याचा पडदा आला, वासावरून खिडकी कळावी म्हणून. वळणावर काथ्याची चटई आली. लहानपणी खिडकीत बसून बाहेर बघायची तिला हौस होती, पण त्या खोलीत खिडकी उंचावर. आता तिनं खिडकीशी लाकडी बैठक करून घेतली, वर आईच्या साड्यांची गोधडी घातली. ते घर आता कुठल्याच चित्रासारखं राहिलं नाही. संध्याकाळचं ऊन आलं की सगळी भिंत तांबूस उजळायची!

अशात गोदूआत्या आली, दादाला न्यायला. अप्पांनी स्वतः दार उघडलं. तिचा हात धरून घरभर फिरवलं, प्रत्येक पट्टीवर तिची बोटं ठेवली, हे स्वयंपाकघर, हे देवघर. फिरून दाराशी आले. बाहेर चौकटीला एक पट्टी होती, ठोके कुठं खोल, कुठं उथळ, ओळ सोडून भरकटलेले. आत्यानं विचारलं, "दादा, ही तुझ्या हातची वाटत नाही. बिघडली का?"

"ही वैजूनं ठोकलीय," अप्पा म्हणाले. "जिना चढून आलो की आधी हिला हात लावतो. मग माझं घर आलं."

वैजयंती चहाचा ट्रे घेऊन मागं उभी होती. तिला पुढं येववेना. आत्यानं दोघांकडं पाहिलं, आणि चहा पिऊन संध्याकाळच्या बसनं एकटीच सिन्नरला गेली.

मंडळी, पूजेत देवाला आवाहन केलं की पहिल्यांदा काय देतो? आसन. फूल नाही, धूप नाही, नैवेद्य नाही. आधी त्याला नीट बसायला जागा! पाषाणाच्या मूर्तीची एवढी काळजी घेणारे आपण, आपल्या घरात दिवसभर एकाच कोपऱ्यात बसून राहणारं कुणी आहे का, हे कधी बघितलं? म्हातारी सासू असेल, अभ्यासाला जागा नसलेली मुलगी असेल, किंवा ज्या बाईनं सगळ्यांसाठी घर मांडलं ती स्वतःच असेल! आज घरी गेलात की तिच्याजवळ बसा आणि विचारा, या घरात तुझा हात कशाला लागतो? काहीच नाही म्हणाली तर उद्या सकाळी तिथूनच सुरुवात करा. कारण घर भरतं ते माणसाच्या ओळखीनं, आणि जिथं माणूस ओळखला जातो, तिथं तो सावळा न बोलावता येऊन उभा राहतो.

विचाराल ना? मान हलवून भागणार नाही. होकार नामानं द्या — विठ्ठल!