ट्रेलर मात्र अस्सल निवडला!

...नाही, हसा, खुशाल हसा! पण तुम्हाला सांगतो, ट्रेलर मी अस्सलच निवडला होता!

अहो, लेकीला मुलगा झाला. म्हणजे बोर्निओच्या डोंगरातल्या आमच्या बारिओ गावात गावजेवण घालायचं आणि त्यात आजा-आजीला नवं नाव मिळायचं. एकदा पुकारलं की मरेपर्यंत तेच! मी आपलं 'डोंगर हलवणारा' असं झक्कास नाव ठरवून बसलेलो. फक्त जेवणाची डुकरं तेवढी खालून मिरी शहरातून आणायची, लाकूड वाहणाऱ्या ट्रकांनी नासवलेल्या त्या चिखलाच्या रस्त्यानं. म्हणून ट्रेलर!

दुकानात माझा मेव्हणा राबेन चिकटला एका चकचकीत ट्रेलरला... "दाजी, हाच घ्या! मडगार्ड बघा कसं झाकून बसलंय!" अरे शहाण्या, त्या मडगार्डात चिखल ठासला की चाक फिरणार कसं? त्यात चाकं जीपपेक्षा जवळजवळ. म्हणजे जीप आपल्या चाकोरीतून जाणार आणि हा मधल्या उंचवट्यावर लोळणार! मी घेतला काळा, उंच, जीपच्याच मापाच्या चाकांचा, आणि कडी अशी फिरती की तो कलंडला तरी जीपला काही नाही. बायको म्हणते, "अहो, हा ट्रेलर आहे की जळकं खोकं?" म्हटलं, सिगांग, गप बस, अस्सल आहे!

आणि होताच! ओढे, खड्डे, गुडघाभर राड... पठ्ठ्या कुठ्ठे अडला नाही. अडलं कोण? जीप! गावाच्या तोंडाशी पोटापर्यंत रुतली, आणि मागे ट्रेलर ऐटीत उभा, डुकरं माझ्याकडे टकामका बघतायत!

राबेननं रेडा आणला. म्हटलं, "आधी जीप ओढ!" तर म्हणतो, "दाजी, पाहुणे काय जीप खाणार?" कडी सोडली, ट्रेलर रेड्याला जोडला, आणि निघाला की हो डुलत! त्याच जळक्या खोक्यात सिगांग मण्यांची टोपी सावरत चढून बसली. "चला हो, नाव पुकारतील!" मी म्हटलं, जीप काढूनच येईन! मलाही नाक आहे!

काढली! एकट्यानं काढली! चिखलाचा गोळा होऊन पोचलो, तर डुकरं संपलेली, पानातला भात गारढोण, आणि नाव... पुकारून झालेलं. राबेननं सुचवलं म्हणे, आख्ख्या गावानं टाळ्या पिटल्या... 'मागून येणारा'!

भांडलो हो, खूप भांडलो! पण पुकारलं ते पुकारलं. उद्या नातूही याच नावानं हाक मारणार. ट्रेलर मात्र अस्सल निवडला... काय? तुम्हालाही निवडून हवाय? बरं, व्हा पुढे. येतो मी... मागून.