टिफ म्हणजे केवढं भांडण?

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या एका बाईंच्या कानांवर शेजारी बसलेल्या एका शिंपीदादांचं आणि त्यांच्या बायकोचं बोलणं पडत होतं.

"पुन्हा वाचा हो, लेकीने काय लिहिलंय?"

"'काल आमची दोघांची टिफ झाली.' टिफ म्हणजे किरकोळ भांडण गं. हाणामारीला टिफ म्हणत नाहीत."

"किरकोळ की मोठं, तुम्हाला इथे बसून काय कळतं? माझं ऑपरेशन राहू दे. मी तिला घेऊन येते."

"परवा आपलं वाजलं ना, तीही टिफच."

"ती? दिवसभर तोंड फुगवून बसला होतात!"

"आणि तू? पण काम थांबलं का?"

"कसं थांबणार? माझ्या सगळ्या सुया तुम्ही ओवून ठेवलेल्या."

"तुला दोरा दिसत नाही म्हणून. राग होताच."

मग तिने त्यांना लेकीला फोन लावायला लावला.

"कोण चुकलं ते नको सांगूस गं. आज सकाळी चहा कोणी केला?... जावईबापूंनी? न बोलता? आणि तुझा झाकून ठेवला?... बरं. मग मी काही येत नाही."

नर्सने हाक मारली.

"चला हो," ती उठत म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ."

बाईंनी पाय आवरून दोघांना वाट दिली आणि त्यांच्या शहाणपणापुढे नकळत हात जोडले.