नकाशावर उमाकांत

नवापूरच्या बसस्टँडवर शांतीबाईंच्या शेजारी बाकावर दोघं बहीणभाऊ लॅपटॉप उघडून बसले होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी शांतीबाईंच्या कानावर सगळं पडत होतं.

"हेमकांतदादा, गेमना नकाशा उघडना का?"

"नकाशानं अ‍ॅड-ऑन उतरनं, मोहिनी, पण गेममा दखाई नही ऱ्हायनं."

"फाईल दुसरीकडे पडनी व्हई. अ‍ॅड-ऑनना फोल्डरमा टाक आणि गेम परत चालू कर."

"हं, आते उघडना. आपला गटना खेळाडू हिरवा ठिपका शेतस."

"त्यामा उमाकांत शे का?"

"फोन बंद करीसन घर सोडेल भाऊ गेम खेळी का?"

"बारावीना निकालपाईन तो फक्त तठेच बोलस. दख ना!"

"शे! नदीना काठले एकटाच उभा शे."

"त्याले रागावू नको, दादा."

"नही रागावत. मी गेममाच त्याना जोडे जास."

नंदुरबारची गाडी लागली, तरी शांतीबाई उठल्या नाहीत.

"पोचना का?"

"पोचनू. 'माय जेवेल नही' इतलंच लिखं."

"तो काय म्हणस?"

"अजून नदीकडेच तोंड शे. परत लिखू का?"

"थांब. घाई नको करू."

"लिखी ऱ्हायना... 'दादा, मी सुरत स्टेशनले शे. लेवाले ये.'"

"लिख, दादा, लवकर लिख. तठेच बस, आमी येतस."