एका झटक्यात!

नाही हो, 'एका झटक्यात' हे शब्द माझ्यासमोर काढूच नका! तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी माझ्या माहेरचं चष्म्याचं दुकान एका झटक्यात... थांबा, नीट सांगते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जावयाला दुकानात साधं काच पुसायचं फडकंसुद्धा हातात घेऊ दिलं नाही. "जावईबापू, तुम्ही बसा, चहा घ्या!" की हे बसले गिऱ्हाइकांच्या बाकावर! आणि ह्यांना केवढी तळमळ, अप्पांनी एकदा तरी शाब्बास म्हणावं.

तर परवा अप्पा कंप्युटरवर एका बोटानं गिऱ्हाइकांचे चष्म्याचे बदललेले नंबर भरत होते. ह्यांना राहवेना. "अप्पा, एकेक कशाला? कंप्युटरला त्याच्या भाषेत, एसक्यूएलमध्ये, एकच अपडेटचा हुकूम लिहितो. ज्याला त्याला ज्याचा त्याचा नंबर, एका झटक्यात!" लिहिलं हो झोकात... ह्या आजोबांना हा, त्या बाईंना तो, मास्तरांना अमुक... आणि बाकीच्यांचं काय? बाकीच्यांना हात लावू नकोस, हे सांगायचंच राहिलं! मशीनच ते! ज्यांचं नाव घेतलं नाही, त्यांचे नंबर पुसून मोकळं. शेकडो गिऱ्हाइकं कोरी... एका झटक्यात!

ह्यांचा चेहरा पांढराफटक. बॅकअप कुठे ठेवलाय तेही आठवेना. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे वा! सगळ्यांचे डोळे सुधारले की!" मला हसू आवरेना, आणि ह्यांच्याकडे बघून जीवही तुटत होता हो.

मग अप्पांनी फोन लावले, "या, डोळे तपासून जा, फुकट!" आणि आले की सगळे! वर्षानुवर्षं न फिरकलेले जुने मित्र, शेजारी... एक आजी तर दोनदा आल्या. "दिसतंय हो मला, पण पुन्हा तपासा!" अप्पा खुशीत, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतायत, गप्पा मारतायत. आणि हे शेजारी बसून नंबर भरतायत... एकेक करून हं!

संध्याकाळी हे ओरडलेच, "अप्पा, बॅकअप सापडला! सगळे नंबर परत आणतो, एका झटक्यात!"

अप्पांनी ह्यांना हाताला धरून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. पहिल्यांदा! "शाब्बास, जावईबापू. आता तो बॅकअप नीट ठेवून द्या... अजून निम्मी मंडळी यायची आहेत."

तेव्हापासून हे रोज दुकानात. इकडे घरी नळ गळतोय, दिवा गेलाय, दार कुरकुरतंय. म्हटलं, कधी करणार हो? तर म्हणतात कसे, "करू गं... एकेक करून!"