तळ्यावरचा देवदूत

तुम्ही हसाल, पण माझं एकदा देवदूतावरून भांडण झालंय.

तापानंतर माझ्या लेकाचा, बाबलचा पाय लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, रोज समुद्राच्या पाण्यात चालवा, पण दोन बाजूंनी दोघांनी धरा. दुसरं माणूस आणू कुठून? घरवाला मुंबईला. मी रोज काठापर्यंत जायचे आणि लाटांना भिऊन परत यायचे.

बाबलला दाखवायला जायचे त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स मार्थाबाई बायबल वाचून दाखवायच्या. त्या दिवशी तळ्याची गोष्ट निघाली. देवदूत पाणी ढवळतो, मग जो पहिला उतरेल तो बरा होतो.

"बाई, तो आमच्या दर्यार येयत?" मी विचारलं.

बाईंनी पानाखालची टीप बघितली. "खोटा कित्याक सांगू? सगळ्यात जुन्या, हातान लिवलेल्या प्रतींत देवदूत नाय. मागसून कोणी तरी घातल्यान."

मी चिडलेच. "एक देवदूत होतो, तोय पुसलास? मगे रवला काय?"

"एक आजारी माणूस. तो म्हणता, माका पाण्यात सोडूक माझा कोण नाय."

"ता तरी खरा?"

"ता सगळ्या प्रतींत आसा."

"ता तर मीच सांगलंय असतंय," म्हटलं आणि मला रडूच आलं.

बाईंनी पुस्तक मिटलं. "उद्या ओहोटी कधी गो? एक हात मी धरतंय."