न उघडलेलं गाठोडं

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावरच्या मेट्रनबाई, डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी, तळघरातले माझे सोबती, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या लॉन्ड्रीच्या ताई, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मशीनच्या घरघरीत बोलायची सवय असल्यामुळे आवाज चढला तर सांभाळून घ्या. ताईंच्या शिस्तीबद्दल आधीच्या वक्त्यांनी इतकं छान सांगितलं की माझ्यासाठी फारसं काही उरलेलं नाही. एकच गोष्ट उरली आहे. ती फक्त आम्हा दोघांना माहीत आहे.

लॉन्ड्रीत ताईंचा एक नियम होता. वॉर्डातून आलेलं प्रत्येक गाठोडं टेबलावर सोडायचं, चादर न् चादर हाताने चाचपायची आणि मगच मशीनमध्ये टाकायची. का? कारण चादरींत माणसांच्या वस्तू गुंडाळून येतात. चष्मे येतात, कवळ्या येतात. एकदा कानाचं यंत्र आलं होतं.

नऊ वर्षांपूर्वीचा एक बुधवार. तळघरातून वर रेकॉर्ड विभागात बदली मिळावी म्हणून केलेला माझा अर्ज त्या सकाळी तिसऱ्यांदा नामंजूर झाला होता. निघताना माझ्या सहा वर्षांच्या मुलीने शर्टावर शाई सांडली, म्हणून तिच्यावर खेकसून आलो होतो. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. जगात माझ्याइतका दुर्दैवी कोणी नाही, अशी माझी खात्रीच झाली होती. अशी खात्री तुमचीही कधी झाली असेल ना? त्या रागात मी बालरुग्ण विभागाची सहा गाठोडी न उघडताच मशीनमध्ये कोंबली.

अकराच्या सुमारास एक गृहस्थ जिना उतरून आले. आदल्या दिवशी त्यांची मुलगी वॉर्डात वारली होती. तिचा पिवळा स्वेटर सापडत नव्हता. वॉर्डाने त्यांना गेटवर पाठवलं, गेटने आमच्याकडे. दारातच त्यांनी विचारलं, "धुतला नसेल ना? तिच्या आईला तो तसाच हवाय. वासासाठी."

ताईंनी त्यांना स्टूल दिलं. मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, सकाळची गाठोडी उघडली होतीस ना? मी म्हणालो, हो.

अध्यक्ष महाराज, त्या एका 'हो'पायी ताईंना वाटलं, स्वेटर अजून न धुतलेल्या कपड्यांतच असणार, आणि आम्ही तिघांनी तीन तास मळक्या चादरी उपसल्या. ते गृहस्थ बसले नाहीत. बाह्या दुमडून आमच्याबरोबर शोधत होते. रक्ताच्या, औषधाच्या, उलटीच्या चादरी. प्रत्येक चादर उलगडून पुन्हा नीट घडी घालत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

दोन वाजता मी ड्रायर रिकामा केला आणि स्वेटर हातात आला. लोकर उकळत्या पाण्यातून निघाली होती. आटून घट्ट झालेला, वीतभर स्वेटर. त्यांनी तो घेतला, नाकाला लावला आणि बराच वेळ तसाच धरला. साबणाशिवाय कसला वास येणार होता?

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "माझ्या हातून झालं. मी गाठोडं उघडलं नाही."

ते रागावले नाहीत. तळहातावर स्वेटर पसरून म्हणाले, "पहिल्या वर्षी तिला एवढाच बसायचा." मग एखादी पिशवी मिळेल का असं विचारलं. जिन्याशी थांबून म्हणाले, "माझ्यामुळे तुमचं जेवण राहिलं."

ते गेल्यावर मी ताईंना म्हणालो, मी वर जाऊन खरं सांगतो. त्या म्हणाल्या, "घरी तुझी मुलगी आहे. हे घेऊन तिच्यासमोर जाऊ नकोस. उद्यापासून गाठोडी उघड." चूक त्यांनी स्वतःच्या नावावर वर कळवली आणि त्यांना लेखी ताकीद मिळाली. पुढच्या वर्षी मुख्य पर्यवेक्षकाची जागा त्यांना मिळायची ती दुसऱ्याला गेली. मी गप्प राहिलो.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर मुलगी मला घाबरून कपाटाआड बसली होती. मी शेजारी जमिनीवर बसलो. तिच्या केसांना घामाचा आणि पेन्सिलीच्या भुशाचा वास येत होता. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. तिला वाटलं, बाबा अजून चिडलेत. अर्ज, शाई, चप्पल, काही काही आठवलं नाही. त्या दिवसापासून मी नशिबाच्या नावाने रडलो नाही आणि बदलीचा अर्जही केला नाही. लोक म्हणतात, हा माणूस समाधानी आहे. पण दुसऱ्याचं मूल गेलं तेव्हा मला माझं दिसलं, यात मिरवण्यासारखं काय आहे?

ताई, तुम्ही हाताने खूण करताय, थांब म्हणून. आज नाही थांबणार.

अधीक्षक साहेब, ताईंच्या सेवापुस्तकात जो शेरा आहे तो माझा आहे. त्या उद्या घरी जाण्याआधी तो तिथून निघावा आणि माझ्या नावावर लागावा, ही हात जोडून विनंती. उद्या सकाळी मी तसं लेखी देईन.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. ताई, तुमचे आभार मानायला नऊ वर्षं लागली. बोलण्याच्या शेवटी वक्ते म्हणतात, काही चुकलं असेल तर क्षमा असावी. मला 'असेल तर' म्हणता येत नाही. ताई इथे आहेत, त्यांची क्षमा मागता येते. त्या गृहस्थांचं नावही मी विचारलं नव्हतं.